कोकण किनाऱ्यावरची लहान जेलीफिश आणि प्लवकांचे जग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान जेलीफिश म्हणजे पुळणीवर वाहून येणाऱ्या मोठ्या जेलीफिशची पिल्ले का?

बहुतेक वेळा नाही. पुळणीवर ताटाएवढ्या पसरलेल्या ज्या जेलीफिश आपण पाहतो त्या सायफोझोआ वर्गातल्या असतात आणि त्या वर्गात जगभरात सुमारे २०० जाती आहेत. या पानावरच्या लहान जेलीफिश मुख्यतः हायड्रोझोआ वर्गातल्या आहेत. त्या वर्गात ३,५०० हून अधिक जाती मोजल्या जातात, मात्र त्यांतल्या सगळ्याच जाती मेडुसा, म्हणजे छत्रीच्या आकाराची पोहणारी अवस्था, तयार करतात असे नाही. पूर्ण वाढलेली हायड्रोमेडुसा, म्हणजे या वर्गातली मेडुसा, तांदळाच्या कणीएवढी असू शकते किंवा रुपयाच्या नाण्याएवढी. त्याहून मोठ्या जाती थोड्याच. तिच्या छत्रीच्या तोंडाशी आतल्या बाजूने एक पातळ पडदा असतो. छत्री आवळली की हा पडदा पाण्याची वाट अरुंद करतो, पाणी जोराने बाहेर फेकले जाते आणि एवढासा जीव झटक्यात पुढे सरकतो. मोठ्या जेलीफिशमध्ये असा पडदा नसतो. गंमत अशी की हायड्रोझोआचा नमुना म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या जी ऑबेलिया शिकवली, तिच्या मेडुसात हा पडदा जवळजवळ नावापुरताच असतो. त्यामुळे पुस्तक पाठ करून आलेला विद्यार्थी पहिल्याच नमुन्यात गोंधळतो.

मोठ्या जेलीफिशची पिल्लेही प्लवकांत, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या लहान जीवांच्या गर्दीत, सापडतात. आठ पाकळ्यांच्या चांदणीसारख्या दिसणाऱ्या या पिल्लांना एफायरा म्हणतात आणि एकदा पाहिल्यावर त्या ओळखण्यात चूक होत नाही.

टेनोफोर आणि साल्प यांना जेलीफिश म्हणावे का?

बोलताना म्हटले तरी चालेल, मोजताना म्हणू नये. टेनोफोर हा स्वतंत्र संघ आहे. त्यांच्या अंगावर कंगव्यासारख्या आठ रांगा असतात आणि त्यांच्याकडे जेलीफिशसारख्या दंशपेशी नसून चिकट पेशी असतात. साल्प तर दिसायला पारदर्शक असले तरी नात्याने पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या अधिक जवळ आहेत. या सगळ्यांना मिळून ‘जेलीसारखे प्लवक’ म्हणण्याची पद्धत सोयीची आहे, पण नोंदवहीत त्यांचे रकाने वेगळेच हवेत.

लहान जेलीफिशचे जीवनचक्र समजून घेणे इतके महत्त्वाचे का मानले जाते?

कारण किनाऱ्याजवळच्या बहुतेक हायड्रोमेडुसा आपले अर्धे आयुष्य पाण्यात तरंगत काढतच नाहीत. फलित अंड्यातून एक सूक्ष्म डिंभ (बाल्यावस्थेतला जीव) बाहेर पडतो, तो कठीण पृष्ठभाग शोधून चिकटतो आणि त्यापासून पॉलिपांची, म्हणजे एका जागी चिकटून राहणाऱ्या जीवांची, वसाहत वाढते. झाडाच्या बारीक फांद्यांसारख्या दिसणाऱ्या या वसाहतीला हायड्रॉइड म्हणतात. जेटीचे खांब, होड्यांचे तळ, नांगराचे दोर, जाळ्यांचे बोये, खडकांवरची कालवे आणि शिनाणे, बुडून राहिलेले प्लास्टिक, यांपैकी काहीही तिला चालते. ओहोटीच्या वेळी जेटीच्या पायरीवरून वाकून दोराचा पाण्यातला भाग वर घेतला, तर त्याला जी तपकिरी, मऊ केसाळ लव लागलेली असते तिच्यात शेवाळाबरोबर बहुधा हायड्रॉइडही असतात. ती लव समुद्राच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या वाटीत ठेवून दहा मिनिटे हात लावला नाही, तर आवळून बसलेले पॉलिप एकेक करून उघडतात आणि प्रत्येकाच्या टोकाशी शुंडकांचा, म्हणजे भक्ष्य पकडणाऱ्या बारीक धाग्यांचा, झुबका दिसू लागतो. परिस्थिती जुळली की या वसाहतीवर कळ्या धरतात आणि कळ्यांमधून मेडुसा सुटतात. काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्या अंडी आणि शुक्राणू सोडतात व मरतात. खाली चिकटलेली वसाहत मात्र पुढेही जगत राहते.

प्लवकांच्या जाळीत एका सकाळी शेकडो मेडुसा आल्या याचा अर्थ त्या कुठून तरी ‘आल्या’ असा घेण्याची घाई होते. पुष्कळदा त्या जवळच्याच जेटीवरून नुकत्या सुटलेल्या असतात. माझ्या मते कोकणातल्या लहान जेलीफिशविषयीचे निम्मे प्रश्न पाण्याकडे न पाहता खांबाकडे पाहिले तर सुटतील.

खोल समुद्रातल्या काही गटांची गोष्ट याहून वेगळी आहे. ट्रॅकिमेडुसा आणि नार्कोमेडुसा या गटांत पॉलिपाची चिकटून राहणारी अवस्था नसते आणि अंड्यापासून थेट मेडुसा घडते. नार्कोमेडुसांतल्या काही जातींचे डिंभ तर दुसऱ्याच मेडुसाच्या अंगावर परजीवी म्हणून वाढतात. तळाची गरज नसल्यामुळे हे प्राणी किनाऱ्यापासून कितीही दूर राहू शकतात.

कोकणात कोणत्या प्रकारच्या लहान जेलीफिश कुठे आढळतात?

वर सांगितलेल्या फरकावरूनच त्यांचा नकाशा काढता येतो. खाडीच्या मुखाशी आणि खडकाळ किनाऱ्याला लागून ऑबेलिया, क्लायटिया, आयरिने, बोगेनव्हिलिया यांसारख्या पॉलिपधारी जातींचे प्रमाण अधिक असते. बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, देवबाग अशा खाड्यांच्या तोंडाशी त्यांना खडक, जेट्या, नांगरलेल्या होड्या आणि भरपूर खाद्य असे सगळे एकाच ठिकाणी मिळते. खाडीत आत शिरावे तशी क्षारता कमी होत जाते आणि जातींची संख्याही घटते. ब्लॅकफोर्डिया व्हर्जिनिका यांसारखी, गोडे-खारे मिश्र पाणी सहन करणारी एखादीच जात आतपर्यंत टिकते. ही जात मूळची काळ्या समुद्राच्या परिसरातली मानली जाते आणि जहाजांबरोबर जगभरच्या खाड्यांत पोहोचलेली आहे.

किनाऱ्यापासून दूर, पाणी निळे आणि खोल होत जाते तिथे लिरिओपे टेट्राफायला, अ‍ॅग्लाउरा हेमिस्टोमा, सॉल्मुंडेला बायटेंटॅक्युलाटा या पॉलिप नसलेल्या जाती येऊ लागतात. लिरिओपे ओळखायला सोपी आहे : काचेसारख्या छत्रीच्या मधून घंटेच्या लोलकासारखा एक लांब देठ खाली लोंबतो, त्याच्या टोकाला तोंड असते. ती उबदार समुद्रांत सर्वत्र आहे आणि वारा-प्रवाह अनुकूल असले की अगदी किनाऱ्यापर्यंत येते, त्यामुळे केवळ तिच्यावरून ‘हे खोल समुद्राचे पाणी’ असा निष्कर्ष काढू नये. तिच्याबरोबर सायफोनोफोरही येतात. डायफीस आणि म्युगिया या वंशांतले हे प्राणी म्हणजे एका सांघिक वसाहतीचे तरंगते रूप असते. जाळीत मात्र त्यांच्या सुट्या झालेल्या काचेरी घंटाच हाती लागतात आणि एक प्राणी मोजायचा की चार, हा पेच उभा राहतो.

विजयदुर्गच्या समोर सुमारे १०० किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळयुक्त उंचवटा आहे. भोवती खोल समुद्र आणि मध्येच चिकटण्याजोगा कठीण तळ, अशा या ठिकाणी दोन्ही प्रकारच्या जेलीफिश एकत्र याव्यात अशीच रचना आहे.

पावसाळ्यात त्यांचे काय होते?

कोकणात वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळात. मे महिन्यात खाडीच्या मुखाशी जवळपास समुद्राएवढे खारट असणारे पाणी जुलैच्या मोठ्या पावसात पृष्ठभागावर इतके गोडे होते की नाजूक मेडुसा तिथे तग धरू शकत नाहीत. गोडे पाणी हलके असल्याने ते वर पसरते आणि भरतीबरोबर येणारे खारे पाणी त्याखालून पाचरीसारखे आत घुसते. ज्या मेडुसा उरतात त्या या खालच्या थरात. खांबांवरच्या हायड्रॉइडांपैकी अनेक वरचे पॉलिप गाळून टाकतात आणि फक्त खालच्या मुळासारख्या धाग्यांच्या रूपाने वाईट दिवस काढतात.

पाऊस ओसरल्यावर चित्र झपाट्याने पालटते. नद्यांनी आणलेली आणि तळाकडून वर आलेली पोषकद्रव्ये, त्यावर स्वच्छ ऊन, मग डायटम या सूक्ष्म एकपेशीय शैवालांची वाढ, त्यावर कोपेपॉड या बारीक कवचधारी प्राण्यांची, आणि मग मेडुसांची, अशी ही साखळी सरकत जाते. नवरात्रानंतर ओढलेल्या जाळीत आणि श्रावणात ओढलेल्या जाळीत तुलना करावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. मात्र दोन्ही वेळा भरतीची स्थिती सारखी असली पाहिजे.

एकाच जागी सकाळी पुष्कळ आणि दुपारी एकही नाही, असे कसे घडते?

यामागे बहुधा भरती-ओहोटी असते. मुंबईकडे उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते आणि दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत ती कमी होत जाते, तरीही खाडीतले सगळे पाणी सहा-सहा तासांनी पुढे-मागे सरकतेच. उधाणाच्या दिवशी आपण एका जागी उभे राहून दिवसभरात कित्येक किलोमीटर लांबीचे पाणी समोरून जाताना पाहत असतो. भांगाच्या दिवसांत हीच हालचाल मंदावते.

दुसरे म्हणजे या जेलीफिश समुद्रात सारख्या पसरलेल्या नसतात. खाडीचे गढूळ पाणी आणि समुद्राचे हिरवे पाणी जिथे भेटते तिथे फेसाची आणि कचऱ्याची एक लांब रेघ दिसते. मच्छीमार ती पाहून जाळे टाकतात, कारण प्लवक तिथे गोळा होते आणि त्याच्या मागे मासेही. त्या रेघेत जाळी ओढली तर बरणी दाट भरते. पन्नास मीटर बाजूला ओढली तर पाणीच येते. शिवाय अनेक जाती रात्री वर येतात आणि दिवसा खाली जातात.

त्या काय खातात? माशांची अंडी आणि पिल्ले खाऊन मासळी कमी करतात का?

मुख्य खाद्य कोपेपॉड हेच आहे. हे तांदळाच्या कणीहूनही लहान कवचधारी प्राणी प्राणीप्लवकांत बहुसंख्य असतात. त्याखेरीज इतर डिंभ, बाणकृमी, माशांची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्ले, जे शुंडकांना लागेल ते खाल्ले जाते. शुंडकांवरच्या दंशपेशीतला धागा सुटण्याचा वेग प्राणिसृष्टीतल्या सर्वांत जलद हालचालींपैकी एक आहे. हायड्रामध्ये केलेल्या मोजणीत त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो असे आढळले.

लिरिओपेला जिवंत ठेवून पाहिले असता मला जे दिसले ते सांगण्यासारखे आहे. माशाचे पारदर्शक पिल्लू एका शुंडकाला अडकले, दोनदा फडफडले आणि थांबले. छत्री एका बाजूने वाकली, मधला लांब देठ हत्तीच्या सोंडेसारखा त्या दिशेला वळला आणि त्याच्या टोकाने पिल्लाला डोक्याकडून आत घ्यायला सुरुवात केली. पिल्लाचे दोन काळे डोळे मग बराच वेळ त्या काचेरी देठातून दिसत राहिले.

तरीही मासळी घटण्याचे खापर त्यांच्यावर फोडणे योग्य नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया किनाऱ्यावर अ‍ॅक्वोरिया ही हायड्रोमेडुसा हेरिंगची पिल्ले मोठ्या प्रमाणात खाते हे दाखवले गेले आहे, पण तिथे हेरिंगची वीण आणि जेलीफिशची गर्दी एकाच उपसागरात, एकाच वेळी होत असते. परिणाम किती होतो हे अशा जुळणीवर ठरते. कोकणात बांगडा, तारली यांची वीण आणि मेडुसांची गर्दी यांचा मेळ किती, हे ठिकाणागणिक पाहावे लागेल. लहान आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांनी पिल्लेच उपसली जात असताना चिमूटभर वजनाच्या प्राण्याला आरोपी करणे मला तरी पटत नाही.

त्यांना कोण खाते?

पुष्कळ जण खातात. त्यांच्या शरीरात ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असल्यामुळे त्या निरुपयोगी अन्न मानल्या जात असत, पण त्या लवकर पचतात आणि माशाच्या पोटात लवकर दिसेनाशा होतात, म्हणून त्या मोजल्या जात नव्हत्या असे आता मानले जाते. आपल्या ताटातला पापलेट जेलीसारखे प्लवक आवडीने खातो. वेळास-आंजर्ल्याला अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवे इतर अन्नाबरोबर जेलीफिशही खातात. एकमेकांना खाणेही सर्रास चालते : बेरोई हा थैलीसारखा टेनोफोर आपल्याच संघातल्या प्ल्युरोब्रेकियाला अख्खा गिळतो. खडकांवरचे हायड्रॉइड समुद्री गोगलगाई चरतात.

हिवाळ्यात रात्री लाटा निळ्या चमकतात, ते यांच्यामुळे का?

नाही. कोकणच्या पुळणींवर नोव्हेंबरपासून जी निळी चमक पाहायला गर्दी होते ती मुख्यतः नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाची असते. बातम्यांतून त्याला सरसकट जेलीफिश म्हटले जाते ते चुकीचे आहे.

काही हायड्रोमेडुसा मात्र खरोखर प्रकाशतात. अ‍ॅक्वोरियाच्या छत्रीच्या कडेला असा प्रकाश असतो आणि त्याचा शोध घेताना ओसामु शिमोमुरा यांना १९६२ मध्ये हिरवे प्रतिदीप्त प्रथिन सापडले. पेशीतल्या हालचाली पाहण्यासाठी आज जगभर वापरल्या जाणाऱ्या या प्रथिनासाठी शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्ल्युरोब्रेकियाच्या अंगावर सरकणारे इंद्रधनुष्य हा याहून वेगळा प्रकार आहे. हलणाऱ्या कंगव्यांवर पडलेला बाहेरचा उजेड विखुरतो एवढेच, आणि अंधारात ते दिसत नाही.

पावसाळ्यात पुळणीवर येणारी निळी चकती आणि निळा फुगा यांपासून धोका आहे का?

निळी चकती म्हणजे पोर्पिटा. मध्ये दोन-तीन सेंटिमीटरची तपकिरी-सोनेरी तरंगती चकती आणि भोवती निळी झालर अशी ही हायड्रोझोआंची वसाहत असते. तिचा दंश सौम्य असतो, पण हाताळल्यावर डोळे चोळू नयेत. निळा फुगा म्हणजे फायसेलिया, हा मात्र सायफोनोफोर आहे आणि त्याचा दंश फार वेदनादायक असतो. नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर जुलै-ऑगस्टमध्ये तो मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत कुठेही वाहून येऊ शकतो. फुगा वाळूत सुकलेला दिसला तरी त्याच्या लांब शुंडकांतल्या दंशपेशी काम करू शकतात.

दंश झाल्यास जागा चोळू नये आणि गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्या पाण्याने हलके धुऊन, चिकटलेले धागे चिमट्याने काढावेत आणि ती जागा सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या गरम पाण्यात वीस मिनिटे ठेवावी. श्वास घ्यायला त्रास, छातीत दुखणे किंवा भोवळ असल्यास लगेच दवाखाना गाठावा. जाळी ओढताना दोरावरच्या हायड्रॉइडांमुळे मनगटाला पुरळ येते ते याच कुळातले, पण किरकोळ.

नमुने कसे गोळा करतात आणि मोजतात?

शंकूच्या आकाराची बारीक आसाची जाळी होडीमागे संथ ओढतात आणि तोंडाशी लावलेल्या प्रवाहमापकावरून किती पाणी गाळले गेले ते काढतात. समजा जाळीच्या तोंडाचा व्यास ५० सेंटिमीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मीटर झाले; जाळी ३०० मीटर ओढली तर सुमारे ६० घनमीटर पाणी गाळले गेले; त्यात १२० मेडुसा मिळाल्या तर घनमीटरला दोन. गणित सोपे आहे, मोजणी नाही. नमुने टिकवण्याच्या फॉर्मेलिन द्रवात मेडुसा आकसतात आणि टेनोफोर तर विरघळल्यासारखे नाहीसे होतात. माझ्या सुरुवातीच्या काळात मी टेनोफोरांनी भरलेली एक बरणी उत्साहाने फॉर्मेलिनमध्ये बंद करून ठेवली आणि आठवड्याने उघडली तेव्हा तळाशी धूसर गाळाखेरीज काही नव्हते. तेव्हापासून त्यांची मोजणी होडीवरच, जिवंतपणी करतो.

हिंदी महासागरातल्या या प्राण्यांची मोठ्या प्रमाणावर पहिली पद्धतशीर मोजदाद १९५९ ते १९६५ या काळातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेमुळे शक्य झाली. सर्व जहाजांचे नमुने तुलनायोग्य राहावेत म्हणून एक चौरस मीटर तोंडाची एकच प्रमाणित जाळी ठरवली होती आणि नमुने वेगळे करण्याचे काम कोचीच्या केंद्रात चालले. ब्राझीलच्या मार्ता व्हानुची यांनी तिथे काम केले आणि हायड्रोमेडुसांच्या वितरणाचा त्यांचा अभ्यास आजही आधाराला घेतला जातो. गोव्याच्या दोना पावलाला असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली, तीही या मोहिमेच्या पाठोपाठच.

जेलीफिश वाढत आहेत, हे खरे का?

सरसकट उत्तर देता येत नाही आणि जो देतो त्याच्याकडे जरा सावधपणे पाहावे. जगभरच्या दीर्घकालीन नोंदी एकत्र तपासणाऱ्या २०१३ च्या एका अभ्यासात सुमारे वीस वर्षांचा चढउतार दिसला. चढाच्या काळात मोजायला सुरुवात करणाऱ्याला वाढ दिसणार आणि उताराच्या काळात सुरुवात करणाऱ्याला घट.

लहान जेलीफिशना अनुकूल ठरणाऱ्या गोष्टी मात्र कोकणात नक्कीच वाढत आहेत. नव्या जेट्या, धूपप्रतिबंधक बंधारे, तरंगते पिंजरे आणि बंदरांच्या भिंती यांमुळे जिथे पूर्वी वाळू किंवा चिखल होता तिथे पॉलिपांना चिकटायला कठीण पृष्ठभाग मिळतो. जहाजांच्या तोलपाण्यातून (तोल सांभाळण्यासाठी भरलेल्या समुद्राच्या पाण्यातून) परक्या जाती येतात; ते पाणी हाताळण्याचा आंतरराष्ट्रीय करार सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला आहे. पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात तळाजवळ प्राणवायू फार कमी झालेले पाणी चढते, तेव्हा मासे बाजूला सरतात, पण अनेक मेडुसा आणि पॉलिप मासे टिकणार नाहीत इतक्या कमी प्राणवायूतही टिकतात.

अमर जेलीफिश कोकणात आहे का?

ट्युरिटॉप्सिस वंशाच्या जाती उबदार समुद्रांत बऱ्याच ठिकाणी आहेत. त्यांपैकी एका जातीची इजा झालेली किंवा उपाशी मेडुसा पुन्हा पॉलिप बनू शकते, एवढाच ‘अमर’ शब्दाचा अर्थ. तिलाही मासा खाऊ शकतोच.

घरच्या घरी किंवा शाळेत पाहता येतील का?

येतील. भरती पुरी होण्याच्या सुमारास, वारा पडलेला असताना पहाटे जेटीवर जावे. जुन्या तलम ओढणीचा शंकू शिवून त्याच्या टोकाला प्लास्टिकची बरणी बांधावी आणि भरतीच्या प्रवाहात पाच मिनिटे धरून ठेवावी. बरणीतले पाणी स्वच्छ काचेच्या पेल्यात ओतून तो काळ्या कापडासमोर, बाजूने विजेरीचा उजेड पाडून पाहावा. आधी टुणटुण उड्या मारणारे ठिपके दिसतील, ते कोपेपॉड. त्यांच्यामध्ये एखादा ठिपका उडी न मारता आवळून-सैलावून वर चढत असेल आणि वर पोहोचला की शुंडके पसरून संथ खाली उतरत असेल, तर ती मेडुसा. पेला उन्हात ठेवू नये, पाणी तापले की त्या अर्ध्या तासात मरतात. पाहून झाले की जिथून घेतले तिथेच ओतावे.